साधा पारवा

झाडाखाली पाचोळा उकरत चालणारा पक्षी मान वर करून थांबला आणि शलाकाच्या छातीत धस्स झालं. मानेवर लोंबणारी लांब पिसं, हिरवी-तांबूस झळाळी, आखूड पांढरीशुभ्र शेपटी. ते दुर्मिळ निकोबारी कबुतरच होतं. तिच्या पर्यावरण पाहणीच्या अहवालात त्याचं नाव आलं, तर या बेटावरचं रिसॉर्ट होणार नव्हतं.

"काय दिसलं मॅडम?" रिसॉर्टच्या ठेकेदाराचे मुकादम दळवी मागून आले. बेटावर ती दोघंच होती आणि होडी दळवींच्या ताब्यात. ठेकेदाराला नडलेल्या, आधी पाहणीला आलेल्या साहेबांना परत न्यायला दोन दिवस होडी आलीच नव्हती, हे तिने ऐकलं होतं.

"साधा पारवा," ती म्हणाली आणि वहीत तसंच लिहिलं.

दळवी पक्ष्याकडे बघत राहिले. "पारव्याला अशी आयाळ असते? आणि तो रोज संध्याकाळी समुद्र ओलांडून पलीकडच्या बेटावर झोपायला जातो?" ते हळूच म्हणाले. "सहा वर्षं बघतोय मी यांना. माझी नोकरी ठेकेदाराकडे, मला बोलता येत नाही. तुम्ही तरी खरं लिहा."

शलाकाने 'पारवा' खोडून खरं नाव लिहिलं.