राखीवचा रकाना

"सहा सत्रांचे विषय लावायचे, एवढंच ना? आण इकडे," म्हणत अण्णांनी मानसशास्त्राचा अभ्यासक्रम माझ्या हातातून घेतला आणि लाल-निळी पेन्सिल तासायला बसले.

तीस वर्षं माझ्या वडिलांनी एसटी डेपोत ड्रायव्हरांच्या ड्युट्या लावल्या. गेल्या वर्षी मी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून होस्टेलवरून परत आले, तेव्हापासून मात्र आमचं बोलणं जेवणापुरतंच उरलं होतं. आता बीएला कधी कोणता विषय घ्यायचा ते ठरवायचं होतं, आणि फॉर्म चार दिवस माझ्यासमोर कोराच पडला होता.

अण्णांनी पट्टी धरून चार्ट आखला. "हे संख्याशास्त्र घाटातलं दिसतंय. त्याच्यासोबत प्रयोगांचा पेपर नको, सोपा लाव. एक घाट उतरून आलेल्या माणसाला लगेच दुसऱ्या घाटात धाडायचं नसतं." समुपदेशन त्यांनी शेवटच्या वर्षात टाकलं. "तोवर तुझा हात बसेल."

"आणि या खेपेलाही नाही जमलं तर?" मी खाली बघत विचारलं.

अण्णांनी चार्ट माझ्याकडे सरकवला. मग चष्मा पुसत राहिले. शेवटचा रकाना राखीवचा होता. ड्रायव्हर वाटेत आजारी पडला तर त्याच्या मदतीला कोण जाणार, त्याचं नाव डेपोत तिथे लिहितात.

सहाही सत्रांपुढे निळ्या पेन्सिलीने एकच नाव लिहिलं होतं. अण्णांचं.