शाळा सुटल्यावर

माणूस कुठून कुठे गेला, ती वाट नकाशावर नोंदवणारं अ‍ॅप मोहना बनवत होती. त्या दुपारी रावपुऱ्यात माहेरी बसून ती ते तपासत होती. फोन समोर टेबलावर पडून होता, तरी निळी रेघ सरकत होती.

रेघ तिच्या लहानपणीच्या शाळेपासून निघाली. बरफगोळ्याच्या कोपऱ्यावर रेंगाळली. मग कधीच बुजलेल्या एका बोळात वळली. तिथून मोहना लंगडी घालत घरी यायची. तिला हसू आलं.

रेघ त्यांच्याच दाराशी थांबली.

कडी वाजली. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि मोहनाकडे न बघता दाराकडे गेली.

"आले गं, मोहना! किती उशीर केलास आज!"