मागची सीट

लग्नाच्या इतक्या वर्षांत योखेनने मला मोटरसायकलवर मागे कधी बसवलं नाही. "दोघांचं वजन झालं की घाटात मजा जाते," हे त्याचं ठरलेलं. यंदा हिवाळाभर जुने कॅमेरे हातात तोलून त्याने सर्वांत हलका, घडीचा निवडला. रोलसकट सगळं एका छोट्या पिशवीत बसलं, तसा म्हणाला, "हायके, आल्प्सला येतेस?" मी लगेच चामड्याचं जाकीट घेऊन आले.

निघताना शेजारच्या फोल्करने विचारलं, "पिशवी कॅरिअरला का नाही बांधत?"

"गाडीच्या थरथरीने लेन्सचे स्क्रू ढिले होतात रे," पिशवी माझ्या मांडीवर ठेवत योखेन म्हणाला. "दुकानदाराने सांगितलंय, कोणाच्या तरी मांडीवर ठेवा. अंगाने भरलेलं माणूस असलं तर उत्तमच."