तिसऱ्या कुपीचा अहवाल

तिन्ही अहवाल एकच सांगत होते. तिने कागद पुन्हा शेजारी शेजारी लावून पाहिले. पहिला तिच्या स्वतःच्या पेशींचा. दुसरा तिच्या आधीच्या विद्यार्थ्याने गोठवून ठेवलेल्या पेशींचा. तिसरा तिच्या मार्गदर्शक सरांच्या वीस वर्षांपूर्वीच्या कुपीचा. तिन्ही कुप्यांवर लेबल होतं स्वादुपिंडाच्या कर्करोगाचं. आतल्या पेशी होत्या मूत्राशयाच्या कर्करोगाच्या.

पहिला अहवाल आला तेव्हा तिला वाटलं, घोळ आपलाच. म्हणून कुणाला न सांगता तिने आणखी दोन नमुने पाठवले. आता घोळ आपला नाही हे कळलं होतं, पण त्याने बरं वाटावं की वाईट, हे काही केल्या ठरेना.

पीएच.डी. संपवून कर्करोगाच्या संशोधनात पुढे जाणाऱ्यांसाठीची फेलोशिप तिला जवळजवळ मिळाली होती. शेवटचं वर्ष इथे, मग दोन वर्षं दुसऱ्या संस्थेतल्या एका मॅडमच्या प्रयोगशाळेत. राहिला होता फक्त पेशींच्या ओळखीचा अहवाल. तो जुळला नाही, तर ‘तरीही ही विद्यार्थिनी मला हवी आहे’ असं मॅडमनी सही करून द्यायचं. मुदत आज पाचची. पावणेचार झाले होते.

फोन वाजला. आई.

“झालं का गं तुझं ते फॉर्मचं?”

“बघतेय.”

“काकू विचारत होती, ही नोकरी आहे की अजून शिक्षणच? मी आपलं दोन्ही म्हणून सांगितलं.”

“बरोबर सांगितलंस. मलाही नक्की माहीत नाही.”

ती सरांच्या खोलीत गेली. सरांनी पहिले दोन अहवाल उभ्याउभ्या वाचले आणि तिसरा वाचताना खुर्ची ओढली.

“तेव्हा पेशी हाताळायचं कॅबिनेट एकच होतं,” ते म्हणाले. “स्वादुपिंडाच्या आणि मूत्राशयाच्या, दोन्ही जातींच्या पेशी त्यातच. पेशींच्या खाद्याची बाटलीही एकच. एखादा थेंब गेला असेल इकडचा तिकडे. जी जात भराभर वाढते, ती दुसरीला उरू देत नाही.”

“सर, म्हणजे माझं औषध...”

“हो. मूत्राशयाच्या पेशींना ते मारत नाही.”

पाच वर्षं ती ते औषध पेशींवर टाकत होती. स्वादुपिंडाच्या पेशी त्याने दोन दिवसांत मरतात, असं आधीचे सगळे शोधनिबंध सांगत होते. तिच्या पेशी मजेत जगायच्या. तिने प्रमाण बदललं, पाणी बदललं, हातमोजेसुद्धा बदलले. अकरा वेळा तेच. “तुझंच काहीतरी चुकतंय, शंकासूर,” सर म्हणायचे. आज ते तिला शंकासूर म्हणाले नाहीत.

“फॉर्मवर ‘अहवाल यायचा आहे’ अशी एक चौकट आहे,” ते म्हणाले. “तिथे खूण कर. अहवाल सोमवारी आला म्हणायचं. तोवर फेलोशिप पक्की होईल. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय.”

ते खरंच तिच्या भल्यासाठी सांगत होते. त्यानेच तिचा जास्त गोंधळ झाला.

ती खाली, पेशी गोठवून ठेवायच्या नायट्रोजनच्या टाक्यांपाशी गेली. टाक्या सांभाळणारे काका नोंदवही घेऊन बसले होते. कोणती कुपी कुठे गेली, हे सरांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असे.

“काका, आपल्या या पेशी मॅडमकडे कधी गेल्या होत्या का?”

त्यांनी पानं उलटली. “गेल्या होत्या की. आठ वर्षं झाली. मीच कोरड्या बर्फात बांधून दिल्या होत्या.”

“नंतर त्यांनी दुसरीकडून आणल्या असतील ना?”

“कशाला आणतील? फार छान वाढतात म्हणून त्यांचं पत्र आलं होतं. तुझा चेहरा का उतरला गं?”

ती जिन्यात बसली. सांगितलं तर मॅडम कशाला सही करतील? ज्या प्रयोगशाळेने त्यांना आठ वर्षं चुकीच्या पेशी वाढवायला लावल्या, तिथलीच विद्यार्थिनी कोण घेईल? आणि नाही सांगितलं, तर पुढची दोन वर्षं तिथे जाऊन ह्याच पेशी वाढवायच्या, मजेत जगताना बघायच्या आणि गप्प बसायचं. चार वीसला तिने मॅडमना फोन लावला. काय बोलायचं ते अजून ठरलं नव्हतं. मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. सरांची कुपी, तिन्ही अहवाल, कोरडा बर्फ.

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

“तू त्या पेशींवर तुझं ते औषध वापरलंस ना?” मॅडमनी विचारलं. “पेशी मेल्या का?”

“नाही, मॅडम. अकरा वेळा करून पाहिलं. एकदाही नाही. मला वाटायचं, मलाच जमत नाही.”

“सही पाच मिनिटांत पाठवते. अहवाल जसे आहेत तसे जोड. आणि वर्ष संपायची वाट बघू नकोस, याच आठवड्यात इकडे येऊन जा.”

तिला काहीच कळेना. “पण मॅडम, चूक तर सापडली. आता एवढी घाई कशासाठी?”

“इथेही तेच औषध आहे,” मॅडमचा आवाज अगदी बारीक झाला होता. “माझे सहा विद्यार्थी दोन वर्षं त्याच कुपीतल्या पेशींवर ते वापरतायत. आणि सहाही जणांच्या वह्यांत पेशी अगदी वेळेवर मरतात.”