घरातली एकुलती आत्या

बारशाला बायका जमल्या, पाळण्याला फुगे लागले, तरी आत्याचा पत्ता नव्हता. बाळाची आई इंदुमती सारखी दाराकडे बघत होती. बाळाच्या कानात नाव सांगायचं, तर आत्याच हवी.

बाळाच्या बापाला, दामोदरला, बहीण नव्हती. आजोबांना नव्हती, पणजोबांनाही नव्हती. तिघेही एकुलते एक. खापरपणजोबा विहान यांना मात्र एक धाकटी बहीण होती, एकशे एकवीस वर्षांची. सगळं घर तिला आत्याच म्हणायचं. चौघे पुरुष सोफ्यावर ओळीनं बसले होते, आणि त्यांतल्या तिघांची नावं तिनंच ठेवली होती.

अन्विताआत्या आली ती थेट बॅडमिंटन खेळून. हात धुऊन ती पाळण्यावर वाकली.

"कुर्रर्र," ती बाळाच्या कानात म्हणाली, "सगुणा."

आता रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. पण कुणाचा हात उचलेना.

"अगं, घाला की! मणके गेल्याच वर्षी नवे बसवलेत."

मग हसत हसत धपाटे पडले. इंदुमतीनं शेवटचा हळूच घातला आणि म्हणाली, "आत्या, पुढच्या बारशालाही तुम्हीच हं."

"येईन की. पण ते हिच्या भावाचं असू दे." आत्यानं सगुणाच्या मुठीत आपलं बोट दिलं. "म्हणजे त्याच्या पोरांची आत्या ही होईल. मला जन्मात एकदा तरी कुणाच्या पाठीत धपाटा घालायचाय."