डाव्या कुशीवर

"पोटभर जेवा काका. घरी जेवता तसं," असं म्हणून डॉक्टर प्रियदर्शनी खुर्ची ओढून समोर बसल्या.

दवाखान्यात बोलावून कुणी जेवायला बसवील, असं रामकिसनला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आजवर दिंद्रुडहून सकाळी उपाशीपोटी निघायचं, अंबाजोगाईला येऊन छातीला वायरी लावून घ्यायच्या आणि 'सगळं नॉर्मल आहे' हे ऐकून परत जायचं, असंच चाललं होतं. धडधड रोज जेवून आडवं झाल्यावरच होते, हे कळल्यावर या वेळी डॉक्टरांनीच निरोप धाडला होता. दुपारी या, डबा घेऊन या, आणि जेवल्यावर घरी जे जे करता ते सगळं इथं करा.

त्याच्या बायकोनं, सत्यभामानं, डब्याचं फडकं सोडलं. बाजरीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. माठातलं गार पाणी तिनं थर्मासात भरून आणलं होतं.

माणसं आजार जावा म्हणून नवस बोलतात. रामकिसन घासागणिक आजार यावा म्हणून देवाला विनवत होता. त्याला कारणही तसंच होतं. विहिरीत अडकलेल्या पाण्याच्या मोटारी काढण्यात त्याचा जन्म गेला होता. कमरेला दोर बांधून तो अशा विहिरींत उतरला होता, की वरून वाकून बघणाऱ्याचे पाय कापावेत. पण छातीत धडधडायला लागलं आणि मशीनमध्ये काही सापडेना, तशी गावात बोलवा झाली, की रामकिसननं विहिरीची हाय खाल्ली. घरच्यांनी दोर माळ्यावर टाकला. पोरगा शिवशंकर तर तोंडावर म्हणाला होता, "दादा, मनाचे खेळ हायेत हे." तो शब्द छातीतल्या धडधडीपेक्षा जास्त लागला होता. आताही शिवशंकर दारात उभा होता, दिवस वाया गेल्यासारखं तोंड करून.

जेवण झालं. रामकिसन गार पाणी घटाघटा प्यायला.

"व्हा आता डाव्या कुशीवर," सत्यभामा सवयीनं बोलून गेली. जेवल्यावर डावी कूस घेतली की अन्न जिरतं अन् काळीज निवतं, ही तिच्या आईची, तुळजाबाईची शिकवण. नवऱ्याची छाती धडधडायला लागल्यापासून तिनं ती एक दिवसही चुकू दिली नव्हती.

रामकिसन तपासणीच्या टेबलावर डाव्या कुशीला कलंडला. डॉक्टरांनी वायरी लावल्या. पडद्यावर रेघ सरळमार्गी सुनेसारखी एका चालीनं चालली होती. शिवशंकरनं खिशातून मोबाइल काढला. रामकिसननं डोळे मिटून घेतले. ये बाबा, तो मनात म्हणाला, रोज बिनबोलावता येतोस, आज तेवढी लाज राख.

आणि तो आला. आधी एक ठोका चुकला. मग दोन ठोके जोडीनं आले. मग फाटक्या पोत्यातून शेंगा सांडाव्यात तसे ठोके सांडायला लागले. पडद्यावरच्या रेघेची चाल मोडली. शिवशंकरचा मोबाइल हातातच राहिला.

"सापडलं," डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मेंदूतून एक मज्जातंतू निघतो, वायरच म्हणा. तो गळ्यातून उतरून काळजालाही पोचतो आणि पोटालाही. पोट भरलं, गार पाणी उतरलं, अंग टेकलं, की तो काळजाला सांगतो, सावकाश. बाकीच्यांचं काळीज ऐकतं. पण फुप्फुसाकडून रक्त आणणाऱ्या शिरा काळजाला जिथं मिळतात, तिथं रामकिसनच्या बाबतीत याच इशाऱ्यानं ठिणग्या उडत होत्या.

"म्हंजी मोटार चांगली हाय. वायरिंगमधी स्पार्किंग हाय," रामकिसन म्हणाला.

"अगदी तसंच."

"मंग भीती न्हाई ना ही?"

"काहींना भीतीनं होतं, काहींना धावपळीनं. तुमचं उलटं आहे काका. तुमचं काळीज विहिरीत शांत असतं, आरामात बिघडतं. आता गोळ्या चालू करू. त्यानं भागलं नाही तर मोठ्या शहरात जांघेतून तार घालून त्या शिरांच्या तोंडाशी डाग देतात. पण तोवर विहिरीत उतरायचं नाही."

"न्हाई उतरत," रामकिसन म्हणाला. पडल्यापडल्या त्यानं हात जोडले. "लई उपकार झाले ताई तुमचे."

शिवशंकर जवळ आला. त्यानं बापाच्या पायावरची चादर उगाच सारखी केली.

सत्यभामा थर्मास धरून उभी होती. "म्हंजी मीच की," ती हळूच म्हणाली. "पाणी मीच द्यायची. कुशीवर मीच निजवायची."

"नाही मावशी, आजार होताच. हे फक्त निमित्त," डॉक्टर म्हणाल्या. पण तिच्या डोळ्यांना धार लागली ती लागलीच.

"कावून रडतीस?" रामकिसन म्हणाला. "तू रोज न चुकता निजवलं, म्हणून तर तो रोज त्याच टायमाला आला. दुसरी एखादी असती, आज इसरली असती, उद्या टाळलं असतं. मंग ह्यान्ला कुठं सापडला असता?"

तिनं पदरानं डोळे पुसले. रामकिसननं तिचा हात धरला आणि वायरींच्या मधोमध, छातीवर ठेवला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिनं त्याला कधी हात लावला नव्हता. आज तिनं तो काढून घेतला नाही. हाताखाली ठोके अजून सांडत होते.

"लागतंय का हाताला?" त्यानं विचारलं.

"लागतंय," ती म्हणाली.

डॉक्टरांनी वायरी काढायला हात पुढं केला होता. तो मागं घेऊन त्या तशाच थांबल्या.