सुईसुद्धा मागे नको

वसुली अधिकारी घराचा ताबा घ्यायला पोहोचला तेव्हा दार सताड उघडं होतं. बरंच झालं. कुलूप तोडणाऱ्याने आज ऐनवेळी टांग दिली होती.

आत एक माणूस टीव्ही चादरीत गुंडाळत होता. तो दचकला.

"घाबरू नका, बँकेतून आलोय. बाई कुठायत?" कर्ज एका शिक्षिकेच्या नावावर होतं.

"बाहेर गेल्यात. बारापर्यंत येतील," माणूस सावकाश म्हणाला. "तोवर उरकलेलं बरं."

अधिकाऱ्याचा जीव भांड्यात पडला. आधीच्या दोन घरांत रडारड झाली होती. तोही रडला आणि ताबा न घेताच परतला. तिसऱ्यांदा असं झालं तर कायमचे घरी बसा, असं मॅनेजर म्हणाले होते.

"पण साहेब, घर जातं तरी कसं?"

"हप्ते थकतात. मग नोटीस, साठ दिवसांची मुदत, मग दारावर कागद, मग ताबा. शेवटी लिलाव. त्याआधी पैसे भरले तर घर परत. नोटिसा वाचल्या नाहीत?"

"दारावरची वाचली. म्हणून तर टेम्पो आणला."

एवढा समजूतदार माणूस अधिकाऱ्याने नोकरीत पाहिला नव्हता.

"सगळंच नेऊ?"

"घर बँकेचं, सामान तुमचं. सुईसुद्धा मागे नको."

"कपाटाची किल्ली सापडत नाहीये."

"घरोघरी हीच बोंब." अधिकाऱ्याने पेचकसाने कपाट उघडून दिलं. फ्रिजही एका बाजूने उचलला. कंबरेत लचक भरली.

"वाटेत पोलिसांनी हटकलं तर?"

अधिकाऱ्याने सामानाची यादी केली, खाली सही ठोकली, वर शिक्काही मारला. माणसाने कागद जपून खिशात ठेवला आणि त्याचे दोन्ही हात धरले. "माझ्या कामात इतकी मदत आजवर कुणी केली नाही, साहेब."

दोघांचेही डोळे पाणावले.

टेम्पो गेला. अधिकाऱ्याने बँकेचं कुलूप लावलं, सील केलं. तेवढ्यात बाई रिक्षातून उतरून धावतच आल्या. हातात पावती.

"भरले! सगळे थकलेले हप्ते आत्ताच भरले!"

अधिकाऱ्याने पावती दोनदा वाचली आणि आनंदाने सील फोडून दार उघडलं. वसुली झाली म्हणजे नोकरीही वाचली.

"घर तुमचंच, बाई. आता यजमानांना फोन लावा. टेम्पो फार लांब गेला नसेल."

बाई उघड्याबोडक्या भिंतींकडे बघत राहिल्या.

"कुणाच्या यजमानांना?"